रूट कॅनालनंतर आईची दाढ ठणकते आहे, काय करावं?

पारिजात | मंगळवार, सकाळी ८:२०

नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल सुरू आहे. आम्ही नागपूरला नंदनवनमध्ये राहतो, दवाखाना घराजवळच आहे. काल संध्याकाळी दुसरं सिटिंग झालं. आतली सफाई पूर्ण झाली, वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. बधिरपणा उतरला तसं दुखणं सुरू झालं. रात्री कितीतरी वेळ उठून बसली होती. गाल सुजलेला नाही, ताप नाही. पण त्या बाजूला घास गेला की डोळ्यांत पाणी येतं. नुसता दातावर दात टेकला तरी कळ जाते म्हणते.

आई ६४ वर्षांची आहे. बीपीची गोळी चालू आहे, हृदयासाठी रोज ॲस्पिरिन ७५ घेते आणि मागच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) थोडं वाढलेलं निघालं होतं. दातांच्या डॉक्टरांनी एक वेदनाशामक गोळी आणि अँटिबायोटिक लिहून दिलंय. फोन केला तर म्हणाले, दोन-तीन दिवस दुखणारच. शेजारच्या काकू म्हणतात लवंगेचं तेल लावा.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. किती दुखणं ठीक समजायचं? आणि नस काढून टाकल्यावर दुखतं तरी काय?

फुटाळा | मंगळवार, सकाळी ८:५५

माझ्या वरच्या दाढेच्या वेळी असंच झालं होतं. पहिली रात्र वाईट गेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून उतार पडला. मला बर्फाने बराच आराम मिळाला. रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग तेवढाच वेळ सोडायचा. थेट कातडीवर ठेवू नका. आणि झोपताना दोन उशा घ्यायला सांगा, सपाट आडवं झालं की ठणका वाढतो.

सुमनकाकू | मंगळवार, सकाळी ९:३०

पारिजात, आईंना त्या बाजूने दोन-तीन दिवस अजिबात चावू देऊ नकोस. मऊ खिचडी, दहीभात, वरणात कुस्करलेली पोळी, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. या दिवसांत हे सगळं घरात असतंच. चिवडा, भाजलेले चणे, कडक सांभारवडी आठवडाभर बाजूला ठेवा. सावजीचा रस्साही नको, इंजेक्शन टोचलेल्या जागी तिखट लागलं की फार चुरचुरतं.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा हळूच चूळ भरायची. बीपी आहे म्हणून मिठाला घाबरू नका, ते पाणी थुंकायचंच असतं. आणि बाई, आईंचं पाणी पिणं कमी होऊ देऊ नकोस. दुखतं म्हणून माणूस खात-पीत नाही आणि वर नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आलाय.

हिंगणा_रोड | मंगळवार, सकाळी १०:१५

ताई, मले बी मागच्या साली लय तरास झाला होता. दाढ एवढी दुखून राहिली होती का रात्रभर अंगणात फेऱ्या मारल्या. आमच्याकडं सगळे लवंगेचं तेलच लावते. कापसाचा बोळा भिजवून ठेवला का बधिर होते. लावून पाहा, काही नुकसान नाही त्याच्यात.

एक विचारतो इथल्या जाणत्या लोकायले. रूट कॅनाल झाल्यावर खर्रा, म्हणजे आपला सुपारी-तंबाखूचा, किती दिवस बंद ठेवा लागते?

दंतवैद्य_धरमपेठ | मंगळवार, दुपारी २:१०

मी दातांचा डॉक्टर आहे आणि माझं बरंचसं काम रूट कॅनालचंच असतं. आईंना तपासल्याशिवाय मी औषध सांगणार नाही, पण दुखणं कुठून येतं ते कळलं तर पुढचं ठरवणं तुम्हाला सोपं जाईल.

नस काढली की दाताच्या आतली कळ संपते. गरम-थंड त्या दाताला आता लागायला नको. पण दात जबड्याच्या हाडाला घट्ट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं आवरण असतं आणि त्या आवरणाला स्वतःच्या संवेदना असतात. कॅनाल साफ करताना आम्ही सुईसारखी बारीक फाइल मुळाच्या टोकापर्यंत नेतो, आत सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण सोडून धुतो. कितीही सांभाळून केलं तरी आतला थोडा कचरा टोकाबाहेर जातो. तिथला भाग चिडतो, सुजतो. आईंचं दुखणं तिथलं आहे. ज्यांची दाढ उपचाराआधीच खूप ठणकत होती, त्यांना नंतरही जास्त दुखतं. शिवाय तासभर तोंड उघडं ठेवल्याने कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो, इंजेक्शनची जागा दुखते. लोक हे सगळं दाढेच्याच खात्यात टाकतात.

साधारणपणे पहिले २४ ते ७२ तास दुखतं, मग ओसरतं आणि आठवडाभरात बहुतेकांचं जवळजवळ थांबतं. आकड्यापेक्षा दिशा बघा. आज कालच्यापेक्षा कमी आहे का? उद्या आजच्यापेक्षा कमी हवं.

आता तुमच्या मजकुरातली मला खटकलेली गोष्ट. दातावर दात टेकला तरी कळ जाते, असं तुम्ही लिहिलंय. तात्पुरतं सिमेंट किंचित उंच राहिलं असण्याची शक्यता आहे. भरून झाल्यावर आम्ही 'चावून बघा, उंच लागतंय का' विचारतो, पण त्या वेळी रुग्णाचा अर्धा जबडा बधिर असतो. त्याला नीट कळतच नाही. घरी जाऊन बधिरपणा उतरला की प्रत्येक घासाला, प्रत्येक आवंढ्याला तोच दात आधी आपटतो. आधीच सुजलेल्या मुळावर हा मार म्हणजे मुरगळलेल्या पायावर पुन्हा पुन्हा वजन टाकणं. आईंना आरशापुढे बसवा, तोंड अगदी हळू मिटायला सांगा आणि विचारा की सगळ्यात आधी कुठला दात लागतो. तोच लागत असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, उद्याच दवाखान्यात जा. दोन मिनिटांचं काम असतं, इंजेक्शनही लागत नाही. फोनवर 'दुखतंय' एवढंच सांगितलं तर कोणीही 'दोन दिवस दुखेल' म्हणेल. 'दात मिटले की तोच आधी लागतो' असं सांगा.

हिंगणा_रोड, लवंगेच्या तेलाबद्दल. किडलेल्या दाताच्या उघड्या खड्ड्यात त्याने तात्पुरतं बधिर वाटतं हे खरं. पण इथे नस काढलेली आहे आणि वरून भोक बुजवलेलं आहे. तेल दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचतच नाही, हिरडीवर मात्र बसतं आणि हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरणारेही येतात, त्यांची हिरडी पांढरी पडून सोलून निघालेली असते. दोन्ही करू नका.

खर्र्याचं सविस्तर लिहितो. किती दिवस बंद ठेवायचा असं विचारलंत, मी म्हणेन आता सुरूच करू नका. रूट कॅनाल झालेली दाढ पोकळ आणि ठिसूळ असते. कॅप बसेपर्यंत कडक सुपारीच्या एका तुकड्याने तिचा कोपरा उडतो आणि चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो तो वेगळाच. आणि सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. विदर्भात हे मी फार पाहतो. दोन बोटंही जेमतेम शिरतात अशा तोंडात मागच्या दाढेचं काम करताना रुग्णाचे हाल होतात आणि मलाही हवं तसं काम करता येत नाही. तुमची तीन बोटं उभी तोंडात जातात का, आजच बघा. जात नसतील तर दाखवून घ्या.

गोळीऔषध | मंगळवार, दुपारी ३:४०

मी फार्मासिस्ट आहे. पारिजात, चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी कोणती आहे ते आधी बघा. आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक यांपैकी काही असेल तर आईंच्या फिजिशियनला विचारल्याशिवाय देऊ नका.

दाताच्या दुखण्यावर या जातीच्या गोळ्या खरोखर चांगल्या. इतर काही आजार नसलेल्या मोठ्या माणसाला आयब्युप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० जेवणानंतर दिलं तर बहुतेक दुखणं आटोक्यात येतं. पण क्रिएटिनिन वाढलेलं असताना या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. बीपीच्या काही गोळ्या सोबत असतील, त्यातही लघवी वाढवणारी असेल, तर ताण आणखी वाढतो. आणि नागपूरचा मे महिना. अंगातलं पाणी घामाने गेलेलं असताना तर जास्तच सांभाळायला हवं. शिवाय आयब्युप्रोफेनमुळे रोजच्या ॲस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा गुण कमी होऊ शकतो आणि दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून दातासाठी ॲस्पिरिन ७५ स्वतःच्या मनाने बंदही करू नका, ती हृदयासाठी आहे.

अशा रुग्णांना बहुधा नुसतं पॅरासिटामॉल देतात. ६५०ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. मात्र दुकानात मिळणाऱ्या कित्येक वेदनाशामक आणि सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. वरून डोलो घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. पाकिटामागची नावं वाचायची सवय ठेवा.

वेळेचंही सांगतो. बधिरपणा दोन ते चार तास टिकतो. तो उतरून दुखणं कळसाला पोहोचल्यावर गोळी घेतली तर आटोक्यात यायला वेळ लागतो. पुढच्या सिटिंगच्या दिवशी डॉक्टरांना विचारून बधिरपणा असतानाच पहिली गोळी द्या. जेवण मात्र बधिरपणा गेल्यावरच, नाहीतर ओठ किंवा गाल चावला जातो आणि कळतही नाही.

बुटीबोरी | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

अँटिबायोटिकबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझी शिफ्ट ड्युटी असते, दाढ दुखली म्हणून सुट्टी मिळत नाही. मी दरवेळी दुकानातून ऑगमेंटिन ६२५ आणतो, दोन-तीन दिवस घेतो आणि उतार पडतो. आईंना डॉक्टरांनी लिहूनच दिलंय तर द्यायला काय हरकत? आणि स्ट्रॉने पाणी प्यायचं नाही ना?

दंतवैद्य_धरमपेठ | मंगळवार, रात्री ९:३०

बुटीबोरी, तुमच्या नोकरीची अडचण मला समजते, पण हे दुकानातून अँटिबायोटिक आणणं कृपा करून थांबवा. रूट कॅनालनंतरचं दुखणं दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरायला लागतं. तुम्ही त्याच दिवसांत अँटिबायोटिक घेता, म्हणून श्रेय त्याला जातं. ते औषध जंतूंवर काम करतं, सुजेच्या दुखण्यावर नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे की ताप किंवा पसरणारी सूज नसेल तर अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये, दातावर उपचार करावा. उगाच घेतलेल्या प्रत्येक कोर्सने तोंडातले जंतू त्या औषधाला सरावतात. खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू पडलं नाही तर माझ्या हातात फार थोडं उरतं.

आईंच्या बाबतीत मी दूर बसून 'बंद करा' म्हणणार नाही. ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा की सूज आणि ताप नसताना हे कशासाठी आहे. कारण असेल तर ते सांगतील.

स्ट्रॉचा नियम दात काढल्यानंतरचा. तिथे रक्ताची गुठळी निघून येण्याची भीती असते. रूट कॅनालला तो लागू नाही.

आता ज्याकडे अजिबात दुर्लक्ष करायचं नाही ते. गाल किंवा हनुवटीखालची सूज वाढत चालली, डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास व्हायला लागला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, श्वास लागत असेल तर रात्री कितीही वाजले असोत, थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत जा. जबड्याखालची सूज श्वासनलिका दाबू शकते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. खालचा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिला तर तेही लगेच कळवायचं.

मानेवाडा | बुधवार, सकाळी ११:२०

धागा वाचून विचारते आहे. माझ्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल होऊन कॅपही बसली, त्याला बरेच महिने झाले. तरी चावताना अधूनमधून कळ येतेच आणि गरम चहाही लागतो. जिथे केलं तिथे दोनदा दाखवलं, 'एक्स-रे चांगला आहे, सवय होईल' म्हणाले. नस काढलेल्या दाढेला गरम कसं लागेल?

दंतवैद्य_धरमपेठ | बुधवार, दुपारी १:४५

मानेवाडा, तुमचा प्रश्न रास्त आहे. इतके महिने टिकलेली कळ सवयीवर सोडून देऊ नका. गरम लागतंय तर दोन शक्यता आधी तपासायला हव्यात. एक म्हणजे दुखणारा दात शेजारचा आहे. दुसरी, एखादा कॅनाल आत राहून गेला आहे. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, पण पुढच्या-बाहेरच्या मुळात अनेकदा दोन कॅनाल असतात. म्हणजे एकूण चार. हा चौथा फार बारीक असतो, सूक्ष्मदर्शकाशिवाय सापडणं कठीण जातं आणि साध्या एक्स-रेत कॅनाल एकामागे एक आल्याने दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या कोनातून एक्स-रे किंवा सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय स्कॅन लागतो. दाताला उभी चीर गेली असेल तरी चावताना, विशेषतः घास सोडताना कळ येते.

रूट कॅनालचा विशेषज्ञ, म्हणजे एन्डोडॉन्टिस्ट गाठा. खासगीत जायचं नसेल तर मेडिकल चौकाकडच्या शासकीय दंत महाविद्यालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त होतात, सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. पण तपासणी बारकाईने होते. जुने एक्स-रे सोबत न्या.

पारिजात | गुरुवार, सकाळी ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

मंगळवारी रात्रीच आईला आरशापुढे बसवलं. हळू तोंड मिटल्यावर तीच दाढ आधी लागत होती, बाकीच्या दातांमध्ये चक्क फट दिसत होती. काल दवाखान्यात गेलो आणि इथे सुचवलं होतं तेच वाक्य सांगितलं. डॉक्टरांनी लगेच खुर्चीत घेतलं, दाढेवर निळा कागद ठेवून चावायला लावलं. कागद काढल्यावर सिमेंटच्या मागच्या कोपऱ्यावर एक गडद निळा ठिपका होता, मध्यभागी पांढुरका. बाकीच्या दातांवर नुसत्या फिकट रेघा. तो कोपरा घासला, परत कागद, परत थोडं घासलं. तिसऱ्यांदा ठिपका उमटला तो शेजारच्या दातांवरच्या खुणांसारखाच. आईने दोन-तीनदा दात मिटून पाहिले आणि म्हणाली, "आता नाही लागत."

ठणका लगेच गेला नाही, संध्याकाळपर्यंत होता. पण रात्री ती सलग झोपली. आज सकाळी दुसऱ्या बाजूने का होईना, मऊ पोहे खाल्ले.

औषधाचंही सांगते. चिठ्ठीवर ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी होती. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मी दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, ही नको. फिजिशियनला फोन लावून दिला, दोघांचं बोलणं झालं आणि नुसतं पॅरासिटामॉल ठरलं. अँटिबायोटिकचं विचारलं तर सूज-ताप नाही म्हणून आत्ता गरज नाही, पण सूज आली तर त्याच दिवशी या, असं म्हणाले. ते चिडतील अशी मला भीती होती. उलट प्रत्येक प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिलं.

आता पुढचं विचारते. पक्कं भरणं पुढच्या आठवड्यात आहे. आई म्हणते की दुखणं थांबलं तर कॅप दिवाळीनंतर बसवू. चालेल का? आणि तोवर त्या दाढेला ब्रश लावायचा की नाही?

हिंगणा_रोड | गुरुवार, दुपारी १२:३०

लय बरं वाटलं ताई वाचून. आईले आराम पडू द्या.

डॉक्टर साहेब, बोटं घालून पाहिली. दोनच जाते, तिसरं नाही जात. सोमवारी दाखवाले जातो. घरच्यायले बी सांगतलं, तेही येऊन राहिले संगं.

दंतवैद्य_धरमपेठ | गुरुवार, रात्री १०:००

हिंगणा_रोड, नक्की जा आणि जाईपर्यंत खर्रा पूर्ण बंद ठेवा. गालाच्या आत पांढरा चट्टा, भरत नसलेली जखम किंवा तिखट खाताना जळजळ होत असेल तर ते आधी सांगा. काय निघतं ते इथे कळवलंत तर बरं वाटेल.

पारिजात, ब्रश लावायचा, मऊ ब्रिसल्सचा, सकाळी आणि रात्री. दुखतं म्हणून ती बाजू सोडली की दोन दिवसांत हिरडी सुजते आणि दुखण्यात भर पडते. तात्पुरत्या सिमेंटचा थोडा चुरा निघाला तर घाबरू नका, पूर्ण निघालं किंवा खड्डा लागला तर लगेच जा. लाळ आत गेली की केलेली सफाई वाया जाते.

कॅप दिवाळीपर्यंत लांबवू नका. दुखणं थांबल्यावर लोक निघून जातात आणि काही महिन्यांनी दाढेचे दोन तुकडे घेऊन परत येतात, हे मी नेहमी पाहतो. पुढच्या दातांचं एखाद वेळी निभावतं, पण चावायच्या दाढेवर पूर्ण भार येतो. पक्कं भरणं झालं आणि चावताना दुखणं गेलं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत माप द्यायला जा. कॅप पक्की चिकटवण्याआधी ती नुसती बसवून, बधिर न करता, निळा कागद परत चावायला लावायला सांगा.